रस्ता, गोदाम आणि गावचे भांडवल
बुलढाणा जिल्ह्यातील स्थानिक उद्योगांचा एक विचार

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

बुलढाणा जिल्ह्याची ओळख करून देताना तीन स्थळांची नावे सर्वप्रथम घेतली जातात. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा, उल्कापाताने निर्माण झालेले लोणारचे सरोवर आणि संत गजानन महाराजांचे शेगाव. या तीन स्थळांमुळे जिल्ह्याचे नाव दूरवर पोहोचले. परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांचे जीवन अवलंबून आहे ते शेतीवर, आणि शेतीतून जे पिकते त्याचे पुढे काय होते यावर. सुमारे ९,६६१ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या आणि तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार इतकी होती, आणि दर पाच माणसांपैकी जवळजवळ चार माणसे खेड्यांत राहत होती. म्हणून या जिल्ह्याच्या आर्थिक विकासाचा विचार हा मुख्यतः खेड्यातील व्यवसायाचा विचार ठरतो.

घाटावर आणि घाटाखाली

निसर्गाने या जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हा घाटावरचा प्रदेश. पायथ्याशी पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हा घाटाखालचा प्रदेश. मोताळा तालुका या दोहोंच्या मध्ये, घाटाच्या कुशीत आहे. घाटाखालची पूर्णा पश्चिमेकडे वाहत तापीला मिळते. घाटावरची पैनगंगा व खडकपूर्णा यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. एकाच जिल्ह्यातील पाणी असे दोन दिशांना जाते, तसाच त्याचा व्यापारही दोन दिशांना जातो. घाटाखालचा माल परंपरेने रेल्वेच्या वाटेने गेला. घाटावरच्या मालाने जालना आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या बाजारांची वाट धरली.

जमिनीतही असाच भेद आहे. घाटाखालच्या काळ्या, खोल जमिनीत कापूस उत्तम येतो. पण पूर्णेच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा आहे, जेथे विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही. घाटावरची जमीन अनेक ठिकाणी हलकी आणि उताराची. तेथे सोयाबीन, तूर व हरभरा यांनी आपला जम बसविला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि वर्षाच्या पीकपाण्याचे भाकीत ऐकण्यासाठी शेतकरी दुरून येतात. पाऊस कसा पडेल आणि भाव काय राहील, या दोन प्रश्नांभोवती येथील जीवन किती गुंफलेले आहे, याची ही साक्ष होय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या हाती नाही. दुसऱ्या प्रश्नाचे मात्र काही अंशी आहे, आणि आजच्या विवेचनाचा रोख त्यावरच आहे.

खामगावचा धडा

दीडशे वर्षांपूर्वीच्या एका घटनेपासून प्रारंभ करणे उचित ठरेल. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली भुसावळहून नागपूरला रेल्वे पोहोचली. मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव ही स्थानके या मार्गावर आली. खामगाव ही कापसाची मोठी पेठ मार्गापासून बाजूला राहिली होती. तिच्यासाठी जलंबपासून सुमारे तेरा किलोमीटरचा स्वतंत्र फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. एका बाजारपेठेसाठी रेल्वे घातली जावी, ही त्या पेठेच्या महत्त्वाची खूण होती.

या रेल्वेने खामगावला काय दिले? सरकी काढणारे जिनिंग व गाठी बांधणारे प्रेसिंग हे कारखाने आले, अडते आले, हमालांना काम मिळाले, सावकारी पेढ्या निघाल्या. परंतु रुईच्या गाठी मुंबईला आणि तेथून समुद्रापार गेल्या. सूत दुसरीकडे निघाले, कापड तिसरीकडे विणले गेले आणि तेच कापड वऱ्हाडच्या बाजारात विकावयास आले. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई मिळते आणि उरलेली बहुतेक सरकी असते. रुई बाहेर गेली. सरकीचे तेल आणि पेंड यांतला काही भाग तेवढा येथे राहिला. मालाची किंमत ज्या ज्या टप्प्यावर वाढत गेली, त्यांपैकी बहुतेक टप्पे जिल्ह्याच्या सीमेबाहेर होते.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. नागपूर व मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा आणि जून २०२५ मध्ये अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. ज्या घाटावरच्या भागाला दीडशे वर्षांत रेल्वे मिळाली नाही आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी जेथे शतकभर होत राहिली, त्या भागाच्या दाराशी राज्यातील सर्वांत वेगवान रस्ता आला. परंतु रस्ता स्वतः उद्योग निर्माण करीत नाही. कच्चा माल अधिक वेगाने बाहेर नेणे आणि तयार माल अधिक वेगाने आत आणणे, ही दोन्ही कामे तो सारख्याच निष्ठेने करतो. १८७० च्या रेल्वेप्रमाणेच हा रस्ताही गावचे धन नेणारा ठरेल, की गावच्या कारखान्याचा माल नेणारा ठरेल, हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय उभे राहते त्यावर ठरणार आहे.

सुगीतील घाई

खेड्यातील शेतकऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान शेतात होत नाही, ते सुगीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. ऑक्टोबर महिन्यात सोयाबीन निघते. दिवाळी तोंडावर असते, कृषी केंद्राची उधारी चुकवावयाची असते, मजुरांचे पैसे द्यावयाचे असतात आणि रब्बीच्या पेरणीसाठी बियाणे व खत घ्यावयाचे असते. सगळ्यांना एकाच वेळी पैसा हवा असतो, म्हणून सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजार समितीच्या आवारात येतो. आवक वाढते, ओलाव्याचे कारण सांगितले जाते आणि भाव पडतो. जो थांबू शकतो त्याला पुढे बरा भाव मिळण्याची शक्यता असते. पण थांबण्यासाठी घरात पैसा लागतो, आणि तोच नसतो.

या घाईवरील उपाय नवा नाही. राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना चालविली आहे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा इत्यादी माल शेतकऱ्याने समितीच्या गोदामात ठेवावा, चालू बाजारभाव किंवा आधारभूत किंमत यांपैकी जी कमी असेल तिच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम कर्जाऊ घ्यावी आणि सहा महिन्यांच्या आत सहा टक्के व्याजाने फेडावी, असे या योजनेचे स्थूल स्वरूप आहे.

हिशेब उदाहरणाने समजून घेणे बरे. समजा, एका शेतकऱ्याकडे वीस क्विंटल सोयाबीन आहे आणि सुगीत भाव क्विंटलला चार हजार रुपये आहे. मालाची किंमत ऐंशी हजार रुपये झाली. तीन-चतुर्थांश म्हणजे साठ हजार रुपये कर्ज मिळाले. त्यात त्याची निकड भागली. सहा महिन्यांचे सहा टक्के दराने व्याज अठराशे रुपये होते. म्हणजे भाव क्विंटलमागे नव्वद रुपयांनी वाढला तरी व्याज निघाले. तीनशे रुपयांनी वाढला तर सहा हजार रुपये अधिक मिळाले आणि व्याज जाता चार हजार दोनशे रुपये पदरी पडले. ज्याने सुगीत माल विकला त्याच्या हाती हे पैसे आले नसते.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाव वाढलाच नाही तर व्याज अंगावर पडते, आणि भाव कोसळला तर नुकसान त्याहून अधिक होते. विदेशातील पीक, खाद्यतेलाच्या आयातीवरील कर आणि पेंडीची मागणी यांवर सोयाबीनचा भाव हलतो. गोदामात ठेवलेला प्रत्येक दाणा महाग होतोच असे नाही. शिवाय माल बारा टक्क्यांहून अधिक ओला असेल तर तो साठवणुकीत टिकत नाही. म्हणून वाळविणे, चाळणे आणि प्रतवारी ही कामे तारण योजनेची पहिली पायरी होत. संपूर्ण माल एकदम न विकता व संपूर्ण माल एकदम न ठेवता, निकडीपुरता विकून उरलेला ठेवणे हे सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे ठरते.

बाहत्तर सभासद आणि बारा हजार रुपये

गोदाम आणि पतपुरवठा यांची सांगड घालण्याचे एक मोठे उदाहरण याच जिल्ह्यात घडले. १९८६ साली बुलढाणा शहरात राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने बुलढाणा अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी स्थापन झाली. प्रारंभी तिचे बाहत्तर सभासद होते आणि भांडवल बारा हजार रुपये होते. डोंगरमाथ्यावरच्या, उद्योगधंद्यांच्या दृष्टीने मागे राहिलेल्या एका गावात जन्मलेली ही पतसंस्था पुढे अनेक राज्यांत शाखा असलेली बहुराज्य संस्था बनली आणि सहकारी पतसंस्थांमध्ये देशात अग्रस्थानी गणली गेली. शेतमाल ठेवण्यासाठी तिने गोदामांचे जाळे उभारले आणि ठेवलेल्या मालावर कर्ज देण्याची पद्धत रूढ केली.

या वाढीत अनुकरणीय काय आहे? लहान बचतदार हा कर्जदाराइतकाच महत्त्वाचा मानला गेला, ही पहिली गोष्ट. कर्ज सोन्यावर किंवा गोदामातील मालावर, म्हणजे डोळ्यांनी दिसणाऱ्या तारणावर दिले गेले, ही दुसरी. आणि ज्या माणसाला मोठ्या बँकेच्या दारात संकोच वाटतो, त्याच्या गावाजवळ शाखा गेली, ही तिसरी.

सहकाराच्या याच भूमीत सावधगिरीचा धडाही मिळाला आहे. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा परवान्यासाठीचा अर्ज नाकारला. नागपूर व वर्धा जिल्ह्यांच्या बँकांवरही त्या वेळी हीच पाळी आली. त्या काळात ठेवीदारांचे पैसे अडकले, गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांचा पतपुरवठा खुंटला आणि पीककर्जासाठी शेतकऱ्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे उंबरठे झिजवावे लागले. पुढे शासनाने भांडवली साहाय्य दिले आणि बँकेला परवाना मिळाला. परंतु एका बँकेची थकबाकी ही केवळ तिच्या ताळेबंदातील बाब नसते, तिच्यावर हजारो घरांची पेरणी अवलंबून असते, हे या प्रसंगाने सर्वांना दाखवून दिले. दुसरबीड येथील जिजामाता सहकारी साखर कारखान्याची धुराडीही थंडावली. ज्या प्रदेशात उसाला पाणी पुरत नाही, तेथे कारखान्याला कच्चा माल कोठून मिळणार, हा प्रश्न उद्योग उभारण्याआधी विचारावयाचा असतो.

जे पिकते त्यावर जे चालते

म्हणून स्थानिक उद्योगाची निवड करताना दुसऱ्या जिल्ह्याचे अनुकरण न करता आपल्या शिवारात काय पिकते आणि आपल्या माणसांच्या हातांत कोणते कसब आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

तुरीचे उदाहरण घ्यावे. घाटावरच्या खेड्यातील शेतकरी तूर विकतो आणि महिनाभराने त्याच गावातील किराणा दुकानातून तुरीची डाळ विकत घेतो. एक क्विंटल तुरीपासून चांगल्या यंत्रावर सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ मिळते, आणि चुनी व कोंडा जनावरांच्या कामी येतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान प्रमाणावर डाळ करण्यासाठी विकसित केलेली मिनी डाळ मिल या भागात सुपरिचित आहे. ती एखाद्या महिला बचत गटाला किंवा शेतकरी गटाला चालविता येण्याजोगी आहे. तिचे यश मात्र यंत्रावर अवलंबून नाही. वर्षातून किती दिवस तिला तूर मिळते, वीज किती तास असते आणि तयार डाळ कोणत्या नावाने, कोणत्या वजनाच्या पिशवीतून, कोणाला विकावयाची हे आधी ठरले आहे की नाही, यांवर ते अवलंबून असते. गाव हेच पहिले गिऱ्हाईक मानले, तर निम्मी चिंता मिटते. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आहाराला, आश्रमशाळेला, गावच्या लग्नकार्याला लागणारी डाळ प्रथम गावच्या गिरणीतून जावी.

देऊळगाव राजा व सिंदखेड राजा तालुक्यांत गेल्या काही वर्षांत दुसरा एक व्यवसाय रुजला आहे. शेडनेटच्या छायेखाली मिरची, टोमॅटो, काकडी इत्यादी भाज्यांचे संकरित बियाणे तयार करण्याचा. शेजारच्या जालना येथील बियाणे उद्योगामुळे त्याला चालना मिळाली. दहा-वीस गुंठ्यांत, मर्यादित पाण्यात, एका कुटुंबाला आणि परागीकरणाचे नाजूक काम करणाऱ्या स्त्रियांना यातून काम मिळते. परंतु बियाण्याची उगवणशक्ती व शुद्धता यांची तपासणी होण्यास काही महिने लागतात आणि तोवर पैसे हाती येत नाहीत. चाचणीत बियाणे नापास ठरले तर सगळा हंगाम वाया जातो. यास्तव कंपनीशी होणारा करार लेखी असावा, तो मराठीत असावा, चाचणी कोठे होईल आणि रक्कम केव्हा मिळेल हे त्यात लिहिलेले असावे, आणि शेडनेटचा विमा उतरविलेला असावा. या चार गोष्टींविषयी गावाला सल्ला देणारी जाणती माणसे प्रत्येक गावात हवीत.

कसबाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या व्यवसायांची दोन उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. खामगावला रजतनगरी म्हणतात. चांदीची भांडी, देव्हाऱ्यातील वस्तू व दागिने घेण्यासाठी लोक दुरून तेथे येतात. जिल्ह्यात चांदीची खाण नाही. जे आहे ते कारागिराचे कसब आणि शुद्धतेविषयीचा विश्वास, आणि या दोन गोष्टींवर ही पेठ टिकली. दुसरे उदाहरण शेगावच्या कचोरीचे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने शेगावच्या रेल्वेस्थानकावर ती विकावयास सुरुवात केली. आज त्या नावाची पाटी महाराष्ट्रातील शहराशहरांत दिसते. हरभऱ्याची डाळ, मैदा, मिरची-मसाला आणि तेल एवढाच तिचा कच्चा माल. रेल्वेने येणारा प्रवासी व यात्रेकरू हे गिऱ्हाईक दाराशी होते, ते कोणीतरी ओळखले, एवढीच त्यातील किमया होय.

लोणारविषयी वेगळा विचार करावा लागतो. तेथील क्षारांचा उपयोग प्राचीन आहे. आइन-इ-अकबरीमध्ये या भागात काच व साबण यांना लागणारे पदार्थ सापडतात असा उल्लेख आहे. योगायोग असा की, आज याच जिल्ह्यात खामगावला एका मोठ्या कंपनीचा साबणाचा कारखाना आहे. परंतु लोणार सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला असून तेथील पाण्याचे व जीवसृष्टीचे रक्षण करणे हे आद्य कर्तव्य ठरले आहे. तेथील उद्योग म्हणजे वाटाड्यांचे प्रशिक्षण, स्वच्छ निवास आणि घरगुती जेवण. सिंदखेड राजाला १२ जानेवारीस, शेगावला प्रकट दिनास आणि सैलानीच्या यात्रेस जमणारा जनसमुदाय पाहता, त्या त्या परिसरातील बचत गटांना हक्काची जागा आणि पाणी मिळाले, तर वर्षाच्या कमाईचा मोठा भाग काही दिवसांत मिळू शकेल.

शासनाच्या योजना आणि त्यांचा वापर

स्थानिक उद्योगांना साहाय्य करण्याची यंत्रणा राज्यात जुनी आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. खामगाव, मलकापूर तालुक्यातील दसरखेड, चिखली इत्यादी ठिकाणी औद्योगिक वसाहती आल्या. १९६४ पासून मागास भागांतील उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना राबविली गेली. १९७८ साली जिल्हा उद्योग केंद्रांची योजना आली, ती लहान उद्योजकाला सर्व साहाय्य एका छपराखाली मिळावे या हेतूने. त्यात पुढे भर पडत गेली. २००८ सालच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आदी विशेष प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान ठरविण्यात आले. २०१९ साली राज्याने मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान आणि बचत गटातील प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येमागे चाळीस हजार रुपये बीजभांडवल अशी तरतूद झाली.

योजना आहेत, तरी अर्जदार परत का फिरतो? पहिला गैरसमज अनुदानाविषयीचा आहे. अनुदानाची रक्कम हाती रोख मिळते अशी समजूत असते. वस्तुतः बँक प्रथम कर्ज देते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान तीन वर्षे ठेवीच्या रूपाने राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळते होते. म्हणजे उद्योग चालला तर अनुदान. अनुदानासाठी उद्योग नव्हे. दुसरी अडचण प्रकल्प अहवालाची. नक्कल केलेला अहवाल घेऊन गेलेल्या तरुणाला बँकेचा अधिकारी एकच प्रश्न विचारतो: दरमहा किती माल विकला जाईल आणि कोण घेईल? त्याचे उत्तर अर्जदाराजवळ नसते, कारण अहवाल त्याने लिहिलेला नसतो. तिसरी अडचण हेलपाट्यांची. संग्रामपूर किंवा लोणारच्या खेड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी एका सहीसाठी जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. मुदत पाळणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीचे राहिलेले नाही.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतीने आपल्या गावातून वर्षाला कोणता माल किती बाहेर जातो आणि कोणता तयार माल किती आत येतो, याची साधी नोंद करावी. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाहीत. गावातील दोन सुशिक्षित तरुण आणि किराणा दुकानदार यांच्या मदतीने ती एका महिन्यात होऊ शकते. तेल, डाळ, मसाला, पशुखाद्य, शालेय गणवेश यांवर गावाचा किती पैसा बाहेर जातो हे आकड्यांत दिसले की, कोणता उद्योग चालेल याचे उत्तर गावाला आपोआप मिळते. ही नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी. पंचायतीच्या पडीक इमारती, जुन्या शाळाखोल्या गटांना माफक भाड्याने आणि लेखी कराराने द्याव्यात. ना हरकत दाखला अडवून ठेवू नये.

पाणी हा उद्योगाचाही कच्चा माल आहे. २०१८ साली याच जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेच्या साहाय्याने तलाव व धरणांतील गाळ काढण्याची मोहीम झाली. महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती व मुरूम तलाव खोल करून मिळवावयाचा, हा प्रयोग बुलढाणा पॅटर्न म्हणून ओळखला गेला. रस्त्याला माती मिळाली आणि गावाला पाणी. दोन खात्यांची गरज एका कामात भागविण्याची ही दृष्टी उद्योगांच्या बाबतीतही वापरता येईल.

शिक्षकांचे काम याहून खोल आहे. सरळव्याज आणि नफा-तोटा हे धडे प्रत्येक शाळेत शिकविले जातात. पण त्यांत तारण कर्जाचे, बाजार समितीच्या हिशेबपट्टीचे, वजन-काट्याचे उदाहरण क्वचितच येते. आठवीचा विद्यार्थी वडिलांची हिशेबपट्टी वाचून हमाली, तोलाई व कपात यांचा मेळ लावू लागला, तर त्या घराचे एका हंगामात जे वाचेल त्याची किंमत मोठी आहे. जिनिंग कारखाना, दूध संकलन केंद्र, गोदाम यांना दिलेली भेट सहलीइतकीच उपयुक्त ठरेल. गावातील बचत गटाची वही नीट लिहिली जाते की नाही, हे पाहण्यास गटातील स्त्रिया शिक्षिकेकडेच विश्वासाने येतात. राज्यात १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ पासूनच्या उमेद अभियानाने या स्त्रियांना बँकेच्या दारापर्यंत नेले. तेथून पुढे दुकानापर्यंत जाण्यासाठी हिशेबाची सवय हवी.

विस्तार अधिकाऱ्यांनी मंजूर प्रकरणांच्या संख्येवर समाधान मानू नये. कर्ज मिळाल्यानंतर दुसऱ्या वर्षी तो उद्योग चालू आहे का, हे पाहण्यासाठी एक फेरी काढावी. बंद पडलेला असेल तर का बंद पडला याची नोंद पुढील दहा अर्जदारांना उपयोगी पडेल. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे देणे मोठ्या खरेदीदाराने पंचेचाळीस दिवसांत चुकते केले पाहिजे, हा २००६ च्या कायद्यातील नियम फार थोड्या कारागिरांना ठाऊक आहे. तो त्यांना सांगणे हेही विस्तारकार्यच आहे.

समारोप

बंधुभगिनींनो, वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गेल्या दोन-तीन दशकांत साऱ्या देशाचे लक्ष वेधले, आणि बुलढाणा जिल्हाही त्या दुःखातून सुटला नाही. त्या दुःखाची कारणे अनेक आहेत. परंतु पावसावर सोडलेले एकच पीक, सुगीतील घाईची विक्री आणि शेतीखेरीज घरात दुसऱ्या मिळकतीचा अभाव ही तीन कारणे गावोगाव सारखीच आढळतात. घरातील एका माणसाला गावातच बारा महिने काम मिळाले, तर एका वर्षाचा दुष्काळ त्या घराला उद्ध्वस्त करू शकत नाही. लहान उद्योगाचे खरे मोल त्याच्या उलाढालीत नाही, ते या आधारात आहे.

बारा हजार रुपये आणि बाहत्तर माणसे एवढ्यावर एका संस्थेचा प्रारंभ होऊ शकतो, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. रेल्वेस्थानकावरच्या एका कढईतून एका गावाचे नाव राज्यभर होऊ शकते, हेही पाहिले आहे. महामार्ग दाराशी आला आहे. त्यावरून गावचे सोयाबीन जावे की गावचे तेल जावे, तूर जावी की डाळ जावी, याचा निर्णय मुंबईत व्हावयाचा नाही. तो येत्या सुगीपूर्वी, ज्या त्या गावच्या ग्रामसभेत व्हावयाचा आहे.